'अली, बोमा ये' : टाळी वाजवणाऱ्याचा हिशेब

३० ऑक्टोबर १९७४ च्या भल्या पहाटे झाईरच्या राजधानीत, किन्शासाच्या मैदानावर, हजारो माणसे एका सुरात ओरडत होती : 'अली, बोमा ये!' लिंगाला या तिथल्या भाषेत या घोषणेचा अर्थ होतो, 'अली, त्याला मारून टाक.' ज्याला मारून टाकायचे तो जॉर्ज फोरमन हाही अलीसारखाच अमेरिकेतला कृष्णवर्णीय, गरिबीतून वर आलेला तरुण. झाईरच्या लोकांशी त्याचे कसलेच वैर नव्हते. तो आपला अल्सेशियन कुत्रा सोबत घेऊन तिथे आला आणि बेल्जियमच्या राजवटीतल्या पोलिसांच्या कुत्र्यांची लोकांना आठवण झाली, एवढाच काय तो त्याचा गुन्हा. आठव्या फेरीत फोरमन कोसळला आणि मैदानावर एकच जल्लोष झाला.

पुढे ही घोषणा जगभरातल्या अलीप्रेमींचा नारा बनली. आज ती सदऱ्यांवर छापतात, गाण्यांत वापरतात. तिचा अर्थ बहुतेकांना ठाऊक नसतो, आणि ज्यांना असतो तेही 'मैदानात माणूस असे बोलतोच' म्हणून पुढे जातात. आम्हाला या लेखात नेमके तिथेच थोडे थांबायचे आहे. मारणारा आणि मार खाणारा यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. बाहेर बसून ओरडणाऱ्या तिसऱ्या माणसाचा, म्हणजे तुमचा-आमचा, हिशेब मात्र फारसा मांडला गेलेला नाही.

मुहम्मद अली आपल्या समाजाला आपला वाटला, यात नवल नाही. १९८० मध्ये तो भारतात आला आणि दिल्लीत कौर सिंग यांच्याशी प्रदर्शनीय लढत खेळला, त्याच्या कितीतरी आधी त्याचे नाव मोहल्ल्या-मोहल्ल्यात पोहोचले होते. मुष्टियुद्धाचे नियम ज्यांना माहीत नव्हते, अशा घरांतही त्याच्या विजयाची बातमी आनंदाने वाचली गेली. याचे कारण खेळात कमी आणि नावात जास्त होते. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी सोनी लिस्टनला हरवून तो जगज्जेता झाला आणि लगेच आपण मुसलमान असल्याचे त्याने जाहीर केले. कॅशियस क्ले हे गुलामगिरीच्या काळाचा वारसा सांगणारे नाव त्याने टाकून दिले. २८ एप्रिल १९६७ रोजी व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्याने नकार दिला. त्याचे विजेतेपद गेले, परवाना गेला, पाच वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. अपील चालू असल्याने तुरुंगात जावे लागले नाही, पण उमेदीची साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर गेली. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. ज्या समाजाला आपले नाव सांगताना क्षणभर विचार करावा लागतो, त्याला असा माणूस प्रिय झाला नसता तरच आश्चर्य.

पण याच नावाच्या इतिहासात एक रात्र अशी आहे, जिच्याकडे चाहत्याने नीट पाहायला हवे. ६ फेब्रुवारी १९६७, ह्यूस्टन. समोर एर्नी टेरेल. टेरेल त्याला जुन्याच नावाने हाक मारत राहिला होता. अलीने त्या रात्री प्रत्येक ठोशासोबत त्याला विचारले, 'माझे नाव काय?' लढत पंधरा फेऱ्या चालली. टेरेलचा डोळा सुजून जायबंदी झाला होता, आणि अली त्याला झटपट संपवण्याऐवजी झुलवत, चिडवत मारतो आहे, असे पाहणाऱ्या अनेकांचे मत झाले. 'माझे नाव काय?' हा प्रश्न न्याय्य होता. माणसाने स्वतःसाठी निवडलेले नाव दुसऱ्याने उच्चारावे, ही मागणी काही अवाजवी नव्हे. तरीही त्या प्रश्नाचे उत्तर एका जखमी माणसाच्या चेहऱ्यावर ठोसे मारून काढून घेणे, हे न्याय्य होते काय? आपल्या अपमानाची भरपाई अली करतो आहे, असे वाटून जे खूश झाले, त्यांची भरपाई टेरेलच्या डोळ्याने केली. टेरेलने तर आपला कोणताच अपमान केलेला नव्हता.

या बाबतीत धर्मपरंपरा काय सांगते, हेही पाहू. अंगबळाच्या आणि शस्त्रकौशल्याच्या खेळाला इस्लाममध्ये मनाई नाही. पैगंबरांनी (स.) रुकाना या नामांकित मल्लाशी कुस्ती केली आणि त्याला चीत केले, अशी रिवायत आहे. इतकेच कशाला, असे खेळ बघण्याच्या आनंदालाही मान्यता आहे. ईदच्या दिवशी हबशी लोक मस्जिदीत भाल्यांचे खेळ करत होते आणि हजरत आयेशा (र.) यांचे मन भरेपर्यंत पैगंबरांनी (स.) त्यांना आडोसा देऊन तो खेळ पाहू दिला, ही हदीस प्रसिद्ध आहे. तेव्हा प्रेक्षकाचा आनंद मुळातच पाप आहे, असे म्हणणाऱ्यांना फारसा आधार सापडणार नाही. मात्र याच परंपरेत दोन मर्यादाही सांगितल्या आहेत. लढतानासुद्धा माणसाने समोरच्याच्या चेहऱ्यावर वार करू नये, ही पहिली. आणि जनावरांना एकमेकांवर सोडून झुंजवू नये, ही दुसरी. बोकडांच्या आणि कोंबड्यांच्या झुंजी लावणाऱ्याला ही दुसरी मर्यादा लागू होते, तर पैसे लावून माणसे झुंजवणाऱ्याला ती कशी लागू होत नाही, हे सांगणे अवघड आहे.

ऑक्टोबर १९८७ मध्ये राबिता आलम-ए-इस्लामीच्या फिकह परिषदेने मक्केत हा विषय चर्चेला घेतला. मुष्टियुद्ध, एकमेकांना इजा करण्याची मुभा असलेली मुक्त कुस्ती आणि बैलझुंज हे प्रकार तिने नाजायज ठरवले. केवळ व्यायामासाठी असलेल्या, इजा न करणाऱ्या कुस्तीला मोकळीक दिली. विशेष म्हणजे परिषद खेळाडूंवर थांबली नाही. मुष्टियुद्ध दूरचित्रवाणीवर दाखवू नये, असेही तिने म्हटले. बघणाऱ्याचाही यात हात असतो, हे त्या निर्णयाने मान्य केले होते. हा निर्णय झाला तेव्हा जगातला सर्वांत लाडका मुसलमान खेळाडू एक मुष्टियोद्धाच होता. निर्णय ग्रंथात राहिला आणि अली मनात राहिला. या दोहोंची गाठ घालण्याचे काम कोणी फारसे केले नाही.

फिकहच्या परिषदेने जे शरीअतच्या भाषेत सांगितले, ते डॉक्टर त्यांच्या भाषेत साठ वर्षे सांगत आले होते. १८६७ मध्ये इंग्लंडमध्ये क्वीन्सबरी नियम छापले गेले. त्यांनी हातमोजे सक्तीचे केले, फेरी तीन मिनिटांची ठरवली आणि पडलेल्याला उठायला दहा सेकंद दिले. मोज्यांमुळे खेळ सभ्य झाला, असे सर्वांना वाटले. प्रत्यक्षात मोजा मारणाऱ्याच्या हाताची हाडे वाचवतो. उघड्या मुठीने कवटीवर पूर्ण ताकदीने मारले तर आपलाच हात मोडेल, ही भीती मोज्याने घालवली आणि डोके हेच मुख्य लक्ष्य झाले. रक्त कमी दिसू लागले, कवटीच्या आतला मार वाढला. १९२८ मध्ये अमेरिकेतले विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीवर आणि जड जिभेवर शोधनिबंध लिहिला. दारू न पिता झिंगल्यासारखी ती अवस्था होती. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये कोर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा दिवंगत मुष्टियोद्ध्यांचे मेंदू तपासून आतली हानी दाखवून दिली. स्वीडनने १९७० मध्ये आणि नॉर्वेने १९८१ मध्ये व्यावसायिक मुष्टियुद्धावर बंदी घातली. पुढे दोन्ही देशांनी ती सैल केली.

इथे कोणी म्हणेल, धोका कोणत्या खेळात नाही? कुस्तीतही मान मोडते, घोड्यावरून पडून स्वार मरतो. हे खरे आहे. पण इतर खेळांत इजा हा अपघात असतो. मुष्टियुद्धात समोरच्याला बेशुद्ध पाडणे हा सर्वांत देखणा विजय समजला जातो, आणि बेशुद्ध पडणे म्हणजे मेंदूला धक्का बसून त्याचे काम क्षणभर बंद पडणे. हा फरक आपल्या मराठी वाचकाला समजावून सांगावा लागू नये. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान बांधून घेतले. त्या मैदानाच्या मातीत पाठ टेकली की कुस्ती संपते. चीत झालेला मल्ल अंग झाडत उठतो, जिंकणाऱ्याला हात देतो आणि दोघे मिळून वस्तादाच्या पाया पडतात. तिथे पडणे हाच शेवट असतो. रिंगणात पडलेल्याला मात्र दहा आकड्यांची मुदत देतात, ती त्याने उठून पुन्हा मार खावा म्हणून.

त्या दहा आकड्यांच्या वेळी प्रेक्षक काय करतो? २४ मार्च १९६२ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथ आणि क्यूबाचा बेनी पॅरेट यांची लढत झाली. लढतीआधी पॅरेटने ग्रिफिथच्या खासगी आयुष्यावरून त्याला घाणेरडी शिवी दिली होती. बाराव्या फेरीत पॅरेट कोपऱ्यात दोरांना टेकून शुद्ध हरपला, पण दोरांच्या आधाराने उभाच राहिला, आणि ग्रिफिथ मारत राहिला. पंच रुबी गोल्डस्टीन मध्ये पडेपर्यंत उशीर झाला होता. दहा दिवसांनी पॅरेट वारला. घराघरातल्या दूरचित्रवाणीवर हे सारे थेट दिसले, आणि ती दृश्ये संथ गतीने पुन्हा दाखवण्यात आली. ग्रिफिथ २०१३ पर्यंत जगला. त्या रात्रीची वाईट स्वप्ने त्याला आयुष्यभर पडत राहिली. पाहणाऱ्यांची नावे मात्र कुठेच नोंदलेली नाहीत.

पुढच्याच वर्षी, मार्च १९६३ मध्ये, लॉस एंजेलिसला शुगर रामोसशी लढल्यानंतर डेव्ही मूर मरण पावला. त्याच्यावर बॉब डिलन यांनी एक गीत रचले. त्यात पंच, प्रेक्षक, व्यवस्थापक, पैज लावणारा, वार्ताहर आणि प्रतिस्पर्धी एकेक करून पुढे येतात आणि 'माझा यात दोष नाही' असे सांगून जातात. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी पटण्यासारखे असते. सगळ्यांचे पटले तरी मूर मेलेलाच राहतो. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास वेगासला रे मॅन्सिनीशी चौदाव्या फेरीपर्यंत झुंजून कोरियाचा किम डुक कू कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्याच्या मृत्यूनंतर जगज्जेतेपदाच्या लढती हळूहळू पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. त्या शेवटच्या तीन फेऱ्या लांबलचक झुंज बघण्याची हौस भागवत होत्या. त्या कमी करायला एक जीव जावा लागला.

मग मुष्टियुद्धावर प्रेम करणाऱ्या माणसाने करावे तरी काय? आमच्या मते याचे उत्तर याच खेळाच्या इतिहासात आहे, आणि ते कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसांनी देऊन ठेवले आहे. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलाजवळ अली आणि जो फ्रेझर तिसऱ्यांदा भिडले. अली रिंगणाबाहेर होता त्या पडत्या काळात फ्रेझरने त्याला मदत केली होती. तरी लढतीचा गाजावाजा करण्यासाठी अलीने त्याला 'गोरिला' म्हणून जगासमोर हिणवले. एका कृष्णवर्णीयाने दुसऱ्या कृष्णवर्णीयाला उद्देशून वापरलेला हा शब्द चाहत्यांनी हसून साजरा केला. फ्रेझरच्या मनातला तो काटा पुढे कित्येक वर्षे निघाला नाही. चौदा फेऱ्या दोघांनी एकमेकांना मरणाच्या दारापर्यंत नेले. फ्रेझरला जवळजवळ दिसेनासे झाले होते, तरी त्याला पंधराव्या फेरीला उठायचेच होते. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला उठू दिले नाही. फक्त तीन मिनिटे उरली होती, विजेतेपद पणाला लागले होते, आणि ज्याच्यासाठी हे करायचे तो स्वतःच नको म्हणत होता. फच यांनी तिन्ही गोष्टी बाजूला सारल्या. त्या दिवशी मनिलात फ्रेझरवर खरे प्रेम कोणाचे होते, याचा निवाडा करायला फार अक्कल लागत नाही.

अलीच्या वाट्याला असा माणूस वेळेवर आला नाही. म्हणजे आला, पण त्याचे कोणी ऐकले नाही. सप्टेंबर १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सच्या जबर ठोशांखाली पंधरा फेऱ्या काढून अली जिंकला. त्यानंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी मूत्रपिंडाची हानी दाखवणारा तपासणी अहवाल अलीला आणि त्याच्या जवळच्या माणसांना पाठवला. उत्तर आले नाही, तेव्हा ते त्याची साथ सोडून गेले. मॅडिसन स्क्वेअर गार्डनचे टेडी ब्रेनर यांनीही त्याला आता आणखी लढत देणार नसल्याचे जाहीर केले. अली तरीही लढला, कारण जगाला त्याला आणखी एकदा पाहायचे होते. २ ऑक्टोबर १९८० रोजी अडतीस वर्षांचा अली आपल्याच जुन्या सराव-सोबत्यासमोर, लॅरी होम्ससमोर, उभा राहिला. तो मारत नव्हता, नुसता मार खात होता. दहाव्या फेरीनंतर त्याच्या कोपऱ्यातून लढत थांबवली गेली. जिंकलेला होम्स नंतर रडला. एवढे होऊनही डिसेंबर १९८१ मध्ये नासाऊला ट्रेव्हर बर्बिकविरुद्ध आणखी एक लढत झाली आणि अली ती हरला. एकसष्ट लढती, छप्पन विजय, पाच पराभव. १९८४ मध्ये पार्किन्सनच्या विकाराचे निदान झाले.

पार्किन्सन मुष्टियुद्ध न खेळणाऱ्यालाही होतो, आणि अलीच्या आजाराच्या कारणाबाबत डॉक्टरांत एकमत नव्हते. पण डोक्यावर वर्षानुवर्षे बसणारा मार मेंदूचे नुकसान करतो, याबद्दल आता वाद नाही. १९९६ मध्ये अटलांटाला थरथरत्या हाताने अलीने ऑलिम्पिकची ज्योत पेटवली, तेव्हा जगाच्या डोळ्यांत पाणी आले. ते पाणी खरे होते. किन्शासातला जल्लोषही तितकाच खरा होता. त्या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे, हे मान्य करायला मात्र माणूस कचरतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो बिनतोड आहे. मुष्टियुद्ध नसते तर अली झाला असता का? केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावच्या एका कृष्णवर्णीय तरुणाने युद्धाला नकार दिला असता, तर कोणत्या वर्तमानपत्राने ते छापले असते? तो जगज्जेता होता म्हणून त्याचा नकार जगाने ऐकला. ज्या समाजाने कृष्णवर्णीयांना शाळा, कचेरी आणि विधिमंडळाची दारे बंद ठेवली, त्याने त्यांच्यासाठी रिंगण उघडे ठेवले होते. तेही कसे, तर दक्षिणेकडच्या गावांतून काळ्या पोरांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना एकमेकांवर सोडत आणि गोरे प्रेक्षक वरून नाणी फेकत. अलीने याच रिंगणाचे व्यासपीठ करून दाखवले. म्हणून 'ते त्यांच्या खुशीने लढतात' हे वाक्य पूर्ण खोटे नाही, आणि पूर्ण खरेही नाही. ज्याच्यापुढे एकच दार उघडे आहे, त्याच्या आत जाण्याला आपण त्याची खुशी म्हणावे, पण दुसरी दारे का बंद आहेत हेही विचारावे. किन्शासाच्या लढतीचा खर्च हुकूमशहा मोबुटूने आपल्या नावासाठी केला आणि मनिलाची लढत मार्कोसच्या लष्करी कायद्याखालच्या देशात झाली. प्रजेला टाळ्या वाजवायला लावणे सत्तेला नेहमीच सोयीचे पडते.

हा प्रश्न अलीबरोबर २०१६ मध्ये दफन झालेला नाही. आज आपली पोरे मोबाइलवर पिंजऱ्यातल्या लढती बघतात. ६ ऑक्टोबर २०१८ रोजी दागेस्तानच्या खबीब नुरमागोमेदोव्हने कॉनर मॅकग्रेगरला हरवले. मॅकग्रेगरने आधी त्याच्या मजहबाची, वडिलांची, वतनाची खिल्ली उडवली होती. त्या शिवीगाळीवरच लढतीची जाहिरात झाली. मुसलमान तरुणांना तो विजय स्वतःचा वाटला. टेरेलच्या रात्रीचीच ही दुसरी आवृत्ती होती. फरक इतकाच की आता अपमान आधी ठरवून विकायला काढतात आणि त्याचा बदलाही तिकीट लावून विकतात. लढत संपताच खबीब पिंजऱ्यावरून उडी मारून प्रतिस्पर्ध्याच्या माणसांवर धावून गेला. विकलेला राग घंटा वाजली म्हणून थांबत नाही, हे तेव्हा सर्वांना दिसले.

पण याच खबीबने दुसरीही एक गोष्ट शिकवली. जुलै २०२० मध्ये त्याचे वडील आणि गुरू वारले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला एकोणतिसावी लढत जिंकून, एकही पराभव नसताना, त्याने निवृत्ती जाहीर केली. वडिलांशिवाय लढू नकोस, असे आईने सांगितले होते आणि त्याने तिला शब्द दिला होता. तेव्हापासून जगभरातून एकच मागणी होत राहिली : आणखी एक लढत, म्हणजे आकडा तीस होईल. एका बाजूला आईचा शब्द, दुसऱ्या बाजूला चाहत्यांना हवा असलेला पूर्ण आकडा. खबीबने आईचे ऐकले. अलीला हेच जमले नव्हते, आणि त्याला ते जमू नये यासाठी सारे जग हात जोडून उभे होते.

आम्ही कोणाला अलीच्या जुन्या लढती पाहणे बंद करा, असे सांगत नाही. त्याच्या पायांची चपळाई, अंतराचा अंदाज, डोके मागे घेण्याची ती लकब हे माणसाच्या देहाला मिळालेले वरदान आहे आणि ते पाहून आनंद होणे यात गैर काही नाही. पण आनंदाच्या कोणत्या भागाला आपण टाळी देतो, हे पारखून घेता येते. ठोसा चुकवण्याला टाळी देता येते, पडलेल्यावरच्या ठोशाला ती न देणे आपल्या हातात आहे. आपल्या मजहबाचा मान एखाद्या अनोळखी माणसाच्या कवटीवर सिद्ध होत नसतो, हे पोरांना सांगता येते. ज्याने लढत थांबवली त्याला भित्रा न म्हणता त्याचे नाव लक्षात ठेवता येते. एडी फच हे नाव अलीच्या नावाइतकेच आपल्या घराघरांत माहीत असायला हवे. आणि लाडक्या योद्ध्याकडे आणखी एक लढत मागण्याआधी, ती त्याच्या आईसमोर मागता येईल का, एवढे स्वतःला विचारता येते.